सॉफ्टबॉलच्या वेगवान पिचचा हवेतला आवाज कसा मुद्रित करावा आणि त्यावरून वेग कसा काढावा

सॉफ्टबॉलच्या सरावात मोबाइलवर घेतलेली जी ध्वनिमुद्रणे माझ्याकडे ऐकण्यासाठी येतात, त्यांतील बहुतेकांत चेंडूचा आवाज नसतोच; असतो तो कॅचरच्या ग्लोव्हचा ‘फाट्’. मोबाइल कॅचरच्या मागे जाळीला टेकवलेला असतो, पिच, म्हणजे पिचरने कॅचरकडे केलेली फेक, येते, ग्लोव्ह वाजतो आणि तोच पिचचा आवाज समजला जातो. पुढे त्याच मुद्रणावरून वेग काढला जातो आणि ताशी ९० किलोमीटरची पिच कागदावर ९७ची होते. या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे माइकची जागा. मुद्रणावर संगणकात नंतर बरेच काही करता येते, पण माइक कुठे होता हे बदलता येत नाही. म्हणून या लेखात मैदानावरची मोजणी आणि मांडणी यांना मी सर्वांत जास्त जागा दिली आहे, आणि टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत अशी माझी विनंती आहे.

आधी कान तयार करणे : नेमका कोणता आवाज हवा आहे

विंडमिल पद्धतीच्या, म्हणजे हात खांद्याभोवती पूर्ण गोल फिरवून खालून केलेल्या, एका पिचमध्ये एकामागोमाग एक असे पाच आवाज होतात. पिचरचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तो ‘धप्’. मागचा पाय मातीवरून ओढला जातो, ती खरखर. हाताचा कोपरापुढचा भाग कमरेजवळ अंगाला घासून जातो, तेव्हा कपड्यावर बसलेल्या चापटीसारखा एक आखूड आवाज होतो. याच्या अगदी लगतच चेंडू बोटांतून सुटतो, पण तो क्षण वेगळा आवाज म्हणून मी मोजत नाही. त्यानंतर चेंडू हवेतून जाताना ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो, आणि शेवटी ग्लोव्ह वाजतो. आपल्याला हवा आहे तो चौथा, म्हणजे हा ‘सूं’. तो सर्वांत क्षीण असतो, आणि नवख्या कानाला तो सापडत नाही याचे कारण असे की लक्ष पुढच्या मोठ्या आवाजाकडे आधीच लागलेले असते.

हा ‘सूं’ कशामुळे होतो हे समजले, की पुढचे निर्णय सोपे जातात. सॉफ्टबॉलचा घेर १२ इंच, म्हणजे व्यास जवळजवळ ९.७ सेंटिमीटर असतो. एवढा चेंडू वेगाने जाताना त्याच्या मागे हवेचे भोवरे उठतात आणि हवेच्या दाबात बारीक, अनियमित चढउतार होतात. कानाला तो सूर न वाटता सळसळ वाटते, कारण ती काहीशे हर्ट्झपासून काही हजार हर्ट्झपर्यंत पसरलेली असते. चेंडूवरची उंच शिवण फिरता फिरता समोर येते तेव्हा पृष्ठभागालगतचा प्रवाह बिघडवते आणि सळसळीला एक थरथर देते. चेंडू सेकंदाला २० फेऱ्या घेत असेल आणि एका फेरीत शिवण चार वेळा समोर येईल अशी पकड असेल, तर थरथर सेकंदाला ८० वेळा होते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट वेगाची. घन वस्तूवरून वाहणाऱ्या हवेच्या अशा आवाजाची शक्ती ढोबळमानाने वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेल्यास आवाज सुमारे ६ डेसिबलने चढतो, पण ताशी ६० ची पिच १०० च्या पिचपेक्षा तब्बल १३ डेसिबलने खाली राहते. त्यामुळे नुकतीच पिचिंग शिकू लागलेल्या मुलीच्या चेंडूचा आवाज मिळाला नाही, तर दोष उपकरणाला देऊ नये. हे काम संघातील सर्वांत वेगवान पिचरपासून सुरू करावे.

टप्पा १ : वेळ आणि मैदान निवडणे

नाशिकमध्ये या कामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातील सकाळ उत्तम, परंतु अगदी पहाट नव्हे. थंडीच्या दिवसांत सूर्योदयाच्या सुमारास जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते आणि त्यामुळे दूरचा आवाज वर निघून न जाता खाली वळतो. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या ट्रकची घरघर, नाशिकरोडच्या बाजूने येणारी रेल्वेची शिट्टी अशा वेळी विलक्षण जवळ ऐकू येते. कानाला ती पहाट शांत वाटते, माइकला वाटत नाही. ऊन पडून तास-दीड तास झाला की हा थर विरतो, आणि वारा मात्र अजून उठलेला नसतो. साडेसात ते नऊ हा अवधी मला सर्वांत उपयोगी पडला आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा प्रयत्न करू नये. पावसाळ्यात चेंडूचे चामडे पाणी पिते, चेंडू जड होतो, आणि मुद्रणांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

गोल्फ क्लब मैदान, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, सोयीचे आहे, पण सकाळी तेथे चालायला येणाऱ्यांची गर्दी असते आणि त्र्यंबक रस्त्याचे हॉर्न आत येतात. गंगापूर रोडच्या पुढे, वस्ती विरळ होते त्या बाजूला एखाद्या शाळेचे मैदान मिळाले तर ते निवडावे. देवळाली कॅम्पच्या बाजूला तोफखान्याचा सराव चालू असेल, किंवा ओझरच्या दिशेने विमानांची उड्डाणे चालू असतील, तर त्या भागात तो दिवस सोडून द्यावा. मैदानाच्या एका कडेला उंच भिंत असल्यास तिच्यापासून किमान १५ मीटर दूर जावे, कारण ग्लोव्हचा आवाज भिंतीवरून परत येतो आणि पुढे संगणकावर दोन ठोके दिसून गोंधळ होतो.

तपासणी : हातात काहीही उपकरण न घेता पिचर आणि कॅचर यांच्या बरोबर मध्ये, रेषेपासून चांगले पाच मीटर बाजूला, जाळीमागे उभे राहावे आणि डोळे मिटून पाच पिच ऐकाव्यात. सळसळ एकदाही ऐकू आली नाही, तर मैदान किंवा वेळ बदलावी. कान जे पकडत नाही ते मोबाइल पकडेल, या आशेवर पुढे जाऊ नये.

टप्पा २ : अंतरे मोजणे

हा टप्पा बहुतेकजण वगळतात, आणि पुढची बहुतेक चुकीची उत्तरे येथूनच निघतात. पिचिंगचे अंतर महिलांसाठी ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर, आणि पुरुषांसाठी ४६ फूट, म्हणजे १४.०२ मीटर, असे नियमात दिलेले असते. ते पिचिंग प्लेटच्या (पिचर जिच्यावर पाय टेकते त्या पट्टीच्या) पुढच्या कडेपासून होम प्लेटच्या (बॅटरजवळच्या जमिनीवरील पाटीच्या) मागच्या टोकापर्यंत मोजतात. लहान वयोगटांत ते कमी असते. पण चेंडूचा हवेतला प्रवास या दोन बिंदूंमध्ये होत नाही. पिचर मोठी ढांग टाकून पुढे येते आणि चेंडू प्लेटच्या बऱ्याच पुढून सुटतो. कॅचरचा ग्लोव्ह होम प्लेटच्या मागे असतो. वेग काढताना नियमपुस्तिकेतील अंतर घेतले, तर उत्तर सुरुवातीपासूनच चुकलेले असते.

म्हणून पुढीलप्रमाणे करावे. पिचरला आठ-दहा पिच टाकून अंग मोकळे करू द्यावे. मोबाइल बाजूला, पिचरच्या रेषेला काटकोनात, तिवईवर लावून सेकंदाला २४० चौकटी या गतीने चित्रफीत घ्यावी. चौकटी एकेक पुढे सरकवून चेंडू बोटांतून सुटतो ती जागा पाहावी आणि तिच्या बरोबर खाली जमिनीवर फक्कीची आडवी रेघ ओढावी. तीन पिचमध्ये ही जागा किती बदलते तेही पाहावे. सराव झालेल्या पिचरची जागा फारशी हलत नाही. मग कॅचरला तिच्या नेहमीच्या जागी बसवून, ग्लोव्ह जेथे चेंडू घेतो त्याच्या खाली दुसरी रेघ ओढावी, आणि संपूर्ण सत्रात ती जागा न सोडण्यास सांगावे. या दोन रेघांमधील अंतर टेपने दोनदा मोजून वहीत लिहावे.

पुढील उदाहरणांसाठी हे अंतर १२ मीटर आहे असे धरू. यात ३० सेंटिमीटरची चूक झाली, तरी वेगात अडीच टक्क्यांची चूक होते. ताशी ९० किलोमीटरला ती दोन किलोमीटरहून अधिक भरते.

इशारा : प्रत्येक पिचरची चेंडू सोडण्याची जागा वेगळी असते. एकीच्या रेघेवरून दुसरीचा वेग काढू नये. दोन रंगांची फक्की वापरल्यास घोटाळा टळतो.

टप्पा ३ : उपकरण आणि त्याची मांडणी

महाग उपकरणाची आवश्यकता नाही. वायरने जोडता येणारा साधा माइक आणि ध्वनिमुद्रक, किंवा चांगल्या स्थितीतील मोबाइल पुरतो. मात्र मोबाइलमधील नेहमीचे ध्वनिमुद्रणाचे अ‍ॅप माणसाच्या बोलण्यासाठी केलेले असते. ते सळसळीला ‘गोंगाट’ समजून पुसते, आणि मोठा आवाज आला की आपणहून संवेदनशीलता खाली ओढते. ग्लोव्ह वाजल्यावर पुढची पिच दबलेली ऐकू येते ती यामुळेच. म्हणून ज्या अ‍ॅपमध्ये आवाजाची पातळी हाताने ठरवता येते आणि गोंगाट कमी करण्याची सोय बंद करता येते असे अ‍ॅप घ्यावे, आणि मुद्रण ‘वेव्ह’ प्रकारात, सेकंदाला ४८,००० नमुने या दराने करावे. ब्लूटूथ माइक वापरू नये. त्यात आवाज आवळला जातो आणि उशिराही पोहोचतो.

माइकवर फोमचे टोपण घालावेच, आणि शक्य असल्यास त्यावर केसाळ आवरण चढवावे. उपकरणात कमी कंप्रतेचा आवाज गाळण्याची सोय असेल, तर ती १०० हर्ट्झच्या आसपास चालू करण्यास हरकत नाही. आपली थरथर सेकंदाला ८० वेळा होते, मग ती गाळली जाणार नाही का, अशी शंका अनेकजण घेतात. ती गाळली जात नाही, कारण ८० हा सळसळीच्या चढउतारांचा दर आहे. सळसळ स्वतः त्याच्या कितीतरी वर असते आणि ती शाबूत राहते.

पातळी ठरवताना दोन वेगळी उद्दिष्टे लक्षात ठेवावीत. सळसळ स्पष्ट हवी असेल तर पातळी चढी ठेवावी आणि ग्लोव्हचा ठोका फाटला तरी चालेल असे मानावे. फक्त वेग काढायचा असेल तर ग्लोव्हचा ठोका कमाल मर्यादेच्या ६ डेसिबल खाली राहील अशी पातळी धरावी. दोन्ही एकाच मुद्रणात साधण्याचा हट्ट धरल्यास दोन्ही अर्धवट होतात. पिचच्या दोन तुकड्या कराव्यात आणि दोन्हींसाठी पातळी वेगळी ठेवावी.

टप्पा ४ : माइकची जागा

माइक दोन रेघांच्या बरोबर मध्यावर, म्हणजे प्रत्येक रेघेपासून ६ मीटरवर, आणि चेंडूच्या मार्गापासून १.२ मीटर बाजूला ठेवावा. उंची जमिनीपासून सुमारे ६० ते ७० सेंटिमीटर, तोंड चेंडूच्या मार्गाकडे.

मध्यच का, याची तीन कारणे आहेत आणि तिन्ही सांगितल्याशिवाय ही जागा कोणी मनापासून पाळत नाही, असा माझा अनुभव आहे. पहिले कारण अंतराचे. चेंडू माइकजवळून १.२ मीटरवरून जातो आणि ग्लोव्ह ६ मीटरवर वाजतो. अंतर पाचपट असल्यामुळे ग्लोव्हचा आवाज चेंडूच्या तुलनेत सुमारे १४ डेसिबलने उतरतो. कॅचरच्या मागे माइक ठेवणारा हा फायदा नुसता गमावत नाही, उलटा करून घेतो. दुसरे कारण वेळेचे. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. चेंडू मध्यावरून गेल्यानंतर ग्लोव्हपर्यंत पोहोचायला त्याला जवळजवळ पाव सेकंद लागतो, आणि तेवढ्या अवधीत सळसळ पूर्ण उमटून ओसरते. माइक ग्लोव्हच्या दोन मीटर पुढे असता, तर ठोक्याने सळसळीचे शेपूट गिळले असते.

तिसरे कारण वेगाच्या गणिताचे आहे आणि ते सर्वांत महत्त्वाचे आहे. आवाजालाही प्रवासाला वेळ लागतो. २० अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, त्यामुळे १२ मीटर यायला त्याला ३५ मिलिसेकंद लागतात. माइक कॅचरजवळ असेल, तर चेंडू सुटल्याचा आवाज ३५ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, ग्लोव्हचा लगेच पोहोचतो, आणि मधला काळ खऱ्यापेक्षा कमी दिसतो. खरा काळ ०.४८० सेकंद असताना मुद्रणावर ०.४४५ मिळतो आणि वेग ताशी ९७ किलोमीटर निघतो. माइक पिचरजवळ असेल तर याच्या उलट घडते : काळ ०.५१५ सेकंद दिसतो आणि वेग ८४ वर घसरतो. मध्यावर माइक असला की दोन्ही आवाजांना सारखाच उशीर होतो आणि तो वजाबाकीत निघून जातो. तापमान मोजण्याचीही गरज उरत नाही.

ही चूक मी स्वतः एक संपूर्ण हंगाम केली आहे. एका शालेय संघातील मुलीला कॅचरच्या मागून काढलेले आकडे मी दर आठवड्याला सांगत होतो. पुढे जागा सुधारली तेव्हा तिचा आकडा एकदम सात किलोमीटरने उतरला, आणि आपला हात मंदावला असे समजून तिने कोपर दुखेपर्यंत जोर लावला. ती आणि तिची आई दोघींना समोर बसवून मला गणित उलगडून दाखवावे लागले. तेव्हापासून माइकच्या दोन्ही बाजूंची अंतरे टेपने तपासल्याशिवाय मी कोणालाही आकडा सांगत नाही.

इशारा : १.२ मीटर हे अंतर फक्त माइकसाठी आहे, माणसासाठी नाही. तेथे कोणीही बसू अथवा उभे राहू नये, माइक धरायलाही नाही. चेंडूच्या मार्गाच्या आणि माइकच्या मध्ये क्रिकेटच्या सरावाची जाळी ताणून बांधावी. जाळीतून आवाज आरपार येतो. जाळी सैल असली तर ती फडफडते आणि दोर कुरकुरतात, म्हणून चारही कोपरे घट्ट करावेत. पिचर नवखी असेल तर माइक २.४ मीटरवर न्यावा. आवाज ६ डेसिबलने कमी मिळेल, तो स्वीकारावा. या सत्रात बॅटर ठेवू नये, आणि कॅचरने मास्क, हेल्मेट व छातीचे कवच घातलेलेच असावे.

टप्पा ५ : शांततेची चाचणी

सर्वजण जागेवर गेल्यावर एक मिनिट कोणीही न बोलता, न हलता मुद्रण करावे आणि वायरच्या हेडफोनवर ते लगेच ऐकावे. सत्र सुरू होण्यापूर्वीच बहुतेक दोष येथे सापडतात : जाळीला अडकवलेल्या पाण्याच्या बाटलीचा खडखडाट, कोणाच्या तरी बांगड्या, पंपाची दूरवरची धडधड, जवळच्या निंबावर भांडणाऱ्या साळुंक्या. पक्ष्यांना थांबवता येत नाही, पण त्यांचा आवाज सळसळीच्याच पट्ट्यात येत असल्याने माइक झाडापासून दूर सरकवणे मात्र शक्य असते. सरकवल्यास टप्पा ४ मधील अंतरे पुन्हा मोजावी लागतात.

हे एक मिनिट जपून ठेवावे. संगणकावर सळसळ खरी आहे की मागचा गोंगाट, हे याच्याशी ताडून ठरवायचे असते.

टप्पा ६ : पिच टाकण्याचा क्रम

चेंडू नवा नको आणि उसवलेलाही नको. शिवण उंच आणि सारखी असलेला एकच चेंडू संपूर्ण सत्रभर वापरावा. हिवाळ्यात गवतावर दव असते, त्यामुळे प्रत्येक पिचनंतर चेंडू कोरड्या फडक्याने पुसावा.

एकूण २४ पिच पुरेशा आहेत. पहिल्या आठ, शिवण चार वेळा समोर येईल अशा पकडीने, पूर्ण वेगाच्या. नंतर पाच मिनिटे विश्रांती. पुढच्या आठ, शिवण दोन वेळा समोर येईल अशा पकडीने. शेवटच्या आठांत पिचरला येत असलेले प्रकार, म्हणजे ड्रॉप (खाली उतरणारा), राइजबॉल (वर चढल्यासारखा भासणारा), चेंजअप (फसवा संथ), प्रत्येकी दोन-तीन. चेंजअप मुद्दाम घ्यावा. त्यात हाताची फेक तीच पण वेग कमी असतो, त्यामुळे सळसळ जवळजवळ नाहीशी होते, आणि आधी ऐकलेली सळसळ चेंडूचीच होती, हाताची किंवा कपड्याची नव्हती, याची ती सर्वांत चांगली खूण ठरते.

प्रत्येक पिचपूर्वी नोंद ठेवणाऱ्याने मोठ्याने क्रमांक आणि प्रकार म्हणावा, ‘सहावी, चार शिवणी’, आणि त्यानंतर पूर्ण तीन सेकंद शांतता असावी. मगच पिचरने फेक सुरू करावी. ग्लोव्ह वाजल्यावरही दोन सेकंद कोणी बोलू नये. ‘छान गं’, ‘शाब्बास ताई’ हे कौतुक अगदी योग्य आहे, फक्त ते दोन सेकंदांनी करावे. मुद्रण पिचगणिक बंद-चालू न करता सलग ठेवावे.

तपासणी : पहिल्या चार पिच झाल्यावर थांबून ऐकावे. सळसळ नसेल किंवा ठोक्यानंतर आवाज दबत असेल, तर टप्पा ३ कडे परत जावे. चोवीस पिच झाल्यावर दोष कळला, तर त्याच दिवशी पिचरच्या खांद्याकडून पुन्हा चोवीस मागणे योग्य नाही.

माइक उचलण्यापूर्वी दोन्ही बाजूंची अंतरे आणखी एकदा मोजावीत. तिवईला कोणाचा तरी पाय लागलेला असतो.

टप्पा ७ : संगणकावर सळसळ शोधणे

मूळ फाइल केबलने संगणकात घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर ध्वनिसंदेश म्हणून पाठवलेल्या आवाजात सळसळ उरत नाही. पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. ऑडेसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर या कामाला पुरते.

प्रथम लाटेच्या चित्रात ग्लोव्हचा उंच ठोका शोधावा. तेथून मागे, साधारण पाव सेकंदावर, सळसळीचा फुगवटा असतो. लाटेत तो दिसला नाही तर घाबरू नये, चित्र बदलून वर्णपट, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या कंप्रतेचा आवाज किती आहे हे दाखवणारा स्पेक्ट्रोग्राम, लावावा. येथे खिडकीचा आकार, म्हणजे एका वेळी तपासल्या जाणाऱ्या आवाजाच्या तुकड्याची लांबी, ही एकच निवड निर्णायक असते. तो आकार २०४८ नमुने असेल तर खिडकी ४३ मिलिसेकंदांची होते, आणि १२.५ मिलिसेकंदांनी येणारी शिवणीची थरथर तिच्यात मिसळून एकसंध धूसर डाग दिसतो. २५६ नमुने ठेवल्यास खिडकी सुमारे ५ मिलिसेकंदांची होते आणि डागाच्या जागी उभ्या पट्ट्या सुट्या दिसू लागतात. पट्ट्या थोड्याच असणार. १.२ मीटरवरून २५ मीटर प्रतिसेकंद वेगाने जाणारा चेंडू माइकच्या चांगल्या टप्प्यात सेकंदाच्या दहाव्या भागाएवढाच असतो, आणि तेवढ्यात सात-आठ पट्ट्या मावतात. सलग पाच पट्ट्यांच्या आरंभापासून शेवटच्या पट्टीच्या आरंभापर्यंतचा काळ मोजावा, त्याला चाराने भागावे. तो एका थरथरीचा काळ. चार शिवणींची पकड असेल तर त्याची चौपट म्हणजे एका फेरीचा काळ. दोन शिवणींच्या पकडीत पट्ट्या निम्म्या आणि दुप्पट अंतरावर यायला हव्यात. तसे झाले, तर आपण खरोखर शिवणच पाहत आहोत.

ऐकताना आणखी एक गोष्ट लक्षात येईल. चेंडू जवळ येताना सळसळ थोडी वरच्या पट्टीत असते आणि पुढे गेल्यावर खाली उतरते. हा डॉपलर परिणाम आहे. सेकंदाला २५ मीटर वेगाला हे उतरणे ज्यांचा कान गाण्याला सरावला आहे त्यांच्या भाषेत सांगायचे, तर शुद्ध रिषभ आणि कोमल गंधार यांच्या मधल्या उंचीवरून षड्जावर येण्याएवढे असते. सळसळीला स्वतःचा ठाम सूर नसल्याने हे मोजून वेग काढण्याचा प्रयत्न मात्र करू नये. ही उतरण फक्त एवढे सांगते की आवाज हलत्या वस्तूचा आहे. कॅचरजवळ ठेवलेल्या माइकमध्ये ती कधीच ऐकू येत नाही, कारण तेथे चेंडू फक्त जवळच येत राहतो.

टप्पा ८ : वेग काढणे

आता ग्लोव्हच्या ठोक्याच्या आरंभावर खूण करावी. ठोक्याच्या शिखरावर नव्हे. मग मागे जाऊन हात अंगाला घासल्याच्या आखूड आवाजाच्या आरंभावर दुसरी खूण करावी. येथे सर्वाधिक होणारी चूक म्हणजे पुढच्या पायाचा ‘धप्’ हा सुटण्याचा क्षण धरणे. तो पाय चेंडू सुटण्याच्या बराच आधी पडतो आणि त्याने वेग फारच कमी निघतो.

घासण्याचा आवाज आणि चेंडू सुटणे हे क्षण लगतचे असले तरी एकच नाहीत. टप्पा २ मधील चित्रफितीत हात अंगाला लागतो ती चौकट आणि चेंडू सुटतो ती चौकट यांमध्ये किती चौकटी आहेत ते मोजावे. एक चौकट म्हणजे ४.२ मिलिसेकंद. जितक्या चौकटी, तितका काळ मुद्रणावरील काळातून वजा करावा. चौकटी चार असतील आणि मुद्रणावर ०.४९७ सेकंद मिळाले असतील, तर खरा प्रवासकाळ ०.४८० सेकंद. १२ मीटर भागिले ०.४८० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, त्याला ३.६ ने गुणले की ताशी ९० किलोमीटर.

तपासणी : त्याच पिचची बाजूने घेतलेली चित्रफीत असेल, तर सुटण्यापासून ग्लोव्हपर्यंतच्या चौकटी मोजाव्यात. ०.४८० सेकंदांना २४० च्या गतीने ११५ चौकटी व्हायला हव्यात. तीनपेक्षा अधिक फरक पडत असेल तर खुणा पुन्हा पाहाव्यात. चित्रफीत संथ गतीने दिसते म्हणून पडद्यावरचा काळ वापरू नये, चौकटीच मोजाव्यात.

हा वेग संपूर्ण प्रवासाची सरासरी आहे. हवेच्या रोधामुळे चेंडू वाटेत मंदावतो, त्यामुळे हातातून सुटतानाचा वेग मोजणारी रडार गन यापेक्षा काही टक्के जास्त आकडा दाखवते. दोन्ही आकडे बरोबर असतात. एकाच तक्त्यात ते शेजारी लिहू नयेत.

काही पिचरचा हात अंगाला मुळीच लागत नाही. तेव्हा सुटण्याचा विश्वासार्ह आवाज मिळत नाही आणि अंदाजाने खूण करणे व्यर्थ असते. अशा वेळी दोन माइक एकाच ध्वनिमुद्रकाच्या दोन वाहिन्यांना जोडून, चेंडूच्या मार्गाला समांतर, एकमेकांपासून ६ मीटरवर आणि मार्गापासून सारख्याच अंतरावर ठेवावेत. दोन्ही वाहिन्यांतील सळसळीच्या फुगवट्यांच्या शिखरांमधील काळ घ्यावा. ताशी ९० किलोमीटरला तो ०.२४ सेकंद येतो. दोन स्वतंत्र मोबाइल यासाठी चालत नाहीत, कारण त्यांची घड्याळे एकमेकांशी बांधलेली नसतात. फुगवट्याचे शिखर बोथट असते, त्यामुळे एका पिचवर विसंबून न राहता आठही पिचचे आकडे काढून त्यांतील मधला घ्यावा.

टप्पा ९ : नोंद आणि पुढची तुलना

फाइलच्या नावात तारीख, पिचरचा क्रमांक आणि पकड लिहावी. अठरा वर्षांखालील खेळाडू असल्यास नाव न लिहिता क्रमांकच वापरावा आणि मुद्रणाची परवानगी पालकांकडून आधी घ्यावी. वहीत दोन रेघांमधील अंतर, माइकची दोन्ही बाजूंची अंतरे, चेंडूच्या मार्गापासूनचे अंतर, ध्वनिमुद्रकाची पातळी, वाऱ्याची दिशा आणि चेंडू कोणता, एवढे असावे. पुढच्या महिन्यात सळसळ मोठी मिळाली तर ती वेग वाढल्यामुळे की माइक २० सेंटिमीटर जवळ आल्यामुळे, हे या नोंदीशिवाय सांगता येत नाही. माइक १.२ ऐवजी १ मीटरवर आला तरी आवाज सुमारे दीड डेसिबलने चढतो, आणि ताशी ९० वरून ९५ किलोमीटरपर्यंत मजल मारलेल्या पिचरच्या चेंडूचा आवाजही जवळजवळ तेवढाच, दीड डेसिबलच्या आसपास, चढतो.